परिशिष्ट न जोडता दिलेले घर

मी, खाली सही करणारा, वय वर्षे छप्पन्न, धंदा बातमीदारी, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. 'पूर्ण अक्कलहुशारीने' हे शब्द वकीलसाहेबांच्या आग्रहावरून घालत आहे. माझे मन ठिकाणावर आहे एवढे मी शपथेवर सांगतो. ते ठिकाण नेमके कोणते, हे मात्र गेले काही दिवस मला कळेनासे झाले आहे. येत्या सोमवारी सकाळी शल्यविशारद माझी छाती उघडणार आहेत. आत काय निघेल ते त्यांनी पाहावे. बाहेर जे आहे त्याची व्यवस्था मी लावून ठेवतो.

यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती दोन आहेत, आणि दोन्ही याच आठवड्यातली आहेत. खुलासा पाचव्या कलमात आहे.

मी अविवाहित आहे. त्याही बाबतीत दोन्ही बाजू मला पटत होत्या.

कलम १. ग्रंथ. पाठशाळेत मी नऊ वर्षे शास्त्र शिकलो. तिथे एक शिस्त अंगात मुरली: आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, इतक्या नीट मांडायचे की विरोधकानेही मान डोलवावी, मग उत्तरपक्षात ते खोडायचे. पूर्वपक्ष मला फार छान जमतो. इतका, की उत्तरपक्षाची पाळी येईपर्यंत मीच मान डोलवत असतो. कचेरीत मला शास्त्रीबुवा म्हणतात. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, हे मी कधी विचारले नाही. माझे सर्व संस्कृत ग्रंथ कचेरीतल्या मुद्रितशोधकांना द्यावेत. कोशाचा तिसरा खंड शोधत बसू नये. तो सहा वर्षांपासून त्यांच्याचकडे आहे, आणि मला ते ठाऊक नाही असा त्यांचा समज आहे.

कलम २. अर्थसंकल्पाची बावीस वर्षांची पुस्तके. ती रद्दीत घालू नयेत. माझ्या बहिणीच्या निगा केंद्रातल्या मदतनीस मावशी खाटांची डोक्याकडची बाजू उंच करायला जाड, सारख्या उंचीचे काहीतरी मागत असतात. ही पुस्तके त्यांना द्यावीत. त्या पुस्तकांचा निगेच्या कामी झालेला हा पहिला उपयोग ठरेल.

कलम ३. माझ्या जागी जी तरुण वार्ताहर येणार आहे तिला सभागृहातल्या पत्रकारांच्या गॅलरीतली माझी उशी द्यावी. तिथले बाकडे लाकडी आहे आणि भाषणे लांब असतात. सोबत एकच उपदेश: भाषण ऐकावे, पण परिशिष्ट वाचल्याशिवाय जागेवरून उठू नये. माझ्या निधनाच्या बातमीलाही हाच नियम लावावा. कोणी फोनवर सांगितले म्हणून छापू नये, डॉक्टरांचा कागद पाहावा.

कलम ४. जुने भांडण. अर्थसंकल्पाच्या दिवशी आमच्यात दोन बातम्या आधीच लिहून ठेवायची पद्धत आहे: 'क' म्हणजे तरतूद घटली, 'ख' म्हणजे वाढली. भाषण झाले की कचेरीत फोन करून कोणती लावायची एवढेच सांगायचे. अकरा वर्षांपूर्वी सीमेवर मोहीम सुरू होती, आणि म्हाताऱ्या-अपंगांच्या निगेला काही उरते की नाही, हा त्या दिवशीचा प्रश्न होता. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, सरकारी अनुदानावर नऊ खाटांचे निगा केंद्र चालवते. अनुदान थकले होते. वित्तमंत्री उभे राहिले आणि पहिल्या दहा मिनिटांतच म्हणाले की निगेची तरतूद वाढवली आहे. मी जिना उतरलो. आधी ताईला फोन केला, मग कचेरीला: ख लावा.

भाषणात दिलेले परिशिष्टात परत घेतात, हे मला चांगले ठाऊक होते. तरी उठलो. परिशिष्ट चारच्या तळटिपेत लिहिले होते की वाढीव रक्कम, आणि तिच्यासोबत आधीचीही निम्मी, मोहीम संपेपर्यंत संरक्षणाकडे वर्ग केली आहे. चुकीची बातमी पहिल्या पानावर आली. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी सातव्या पानावर, चार ओळींत, जुन्या सायकलींच्या जाहिरातीखाली. ती जागा वृत्तसंपादकांनी निवडली होती. तेव्हापासून मी त्यांच्याशी हवापाण्याखेरीज काही बोललो नाही. चूक माझी, राग त्यांच्यावर. ही विभागणी मला सोयीची पडली. तो राग मी या कलमान्वये सोडत आहे. माझे शाईचे पेन मात्र त्यांनी परत करावे.

कलम ५. खुलासा. हे कलम लांबले आहे. वकीलसाहेबांनी ते वगळायला सांगितले होते; ते वगळले तर सातवे कलम कोणाला कळणार नाही.

वर उल्लेखिलेल्या मावशी त्या वेळी ताईकडे मदतनीस होत्या, आजही आहेत. माझी ती बातमी आली त्या सकाळी मोठ्या इस्पितळातल्या कायम नोकरीचे नेमणूकपत्र त्यांच्या पिशवीत होते. पगार तीन महिने झाला नव्हता आणि त्या निघाल्या होत्या. ताईने बातमी वाचून दाखवली. मावशी थांबल्या. इस्पितळाने ती जागा दुसरीला दिली. माझ्या खोट्या बातमीने एका बाईची कायमची नोकरी घालवली, असे मी अकरा वर्षे मानत आलो.

त्यानंतर आठ महिन्यांनी माझा धाकटा भाऊ, आम्ही त्याला सुभेदारच म्हणतो, सीमेवरच्या चौकीत जखमी झाला. मणका गेला. निगेतून कापलेला पैसा खर्चाच्या ज्या शीर्षाखाली गेला होता, त्याच शीर्षातून जखमींना उचलणारी दोन हेलिकॉप्टरे घेतली होती. मी कागद काढून पाहिले, बातमीदाराला ही खोड असते. त्यांतल्या एकाने सुभेदाराला खाली आणले. लष्करी डॉक्टर म्हणाले की तासभर उशीर झाला असता तर आणायला काही उरले नसते.

म्हणजे माझी बातमी खरी ठरली असती तर माझा भाऊ गेला असता.

आता पुढचे. कमरेखाली त्याला काही कळत नाही. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. लष्करी इस्पितळाने चार महिन्यांत घरी धाडले, कारण अशांना ठेवून घेण्याचे शीर्ष रिकामे झाले होते. तेव्हापासून तो ताईच्या केंद्रात खिडकीजवळच्या खाटेवर आहे, आणि त्याची कूस मावशी बदलतात. ज्या पैशाने त्याला उचलून आणले, तो त्याला अंघोळ घालणाऱ्या बाईचा होता. आणि ती बाई तिथे होती, ती माझ्या खोट्या बातमीमुळे. यावर अग्रलेख लिहायला मी सात वेळा बसलो. सातही अर्धे आहेत. ते जाळावेत.

आता केंद्राची इमारत सरकारला परत हवी आहे. तिथे सैन्यभरतीचे कार्यालय होणार आहे. महिनाअखेर नऊ माणसे बाहेर. सुभेदार त्या नऊंपैकी एक आहे, आणि निर्णय त्याला पसंत आहे. भरतीला येणाऱ्या पोरांना उन्हात उभे राहावे लागणार नाही, असे त्याचे म्हणणे. ताईने माझ्या घराचा तळमजला मागितला. सुभेदार म्हणाला, घर विकून पैसा पलटणीतल्या जखमींच्या निधीला द्यावा. मी जन्मभराच्या सवयीने दोन मृत्युपत्रे लिहिली: 'क' ताईच्या बाजूने, 'ख' सुभेदाराच्या. दोन्हींवर सह्या केल्या. सोमवारी भूल देण्यापूर्वी फोन करून कोणती लावायची ते सांगेन, असे वकीलसाहेबांना कळवले. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "शास्त्रीबुवा, माणूस एक, मरण एक. कागदही एकच लागतो."

म्हणून मंगळवारी दुपारी दोन्ही कागद घेऊन केंद्रात गेलो. जेवणे झाली होती. ताई औषधांच्या पुड्या बांधत होती, मावशी सुभेदाराची चादर बदलत होत्या. मी दोन्ही वाचून दाखवले. आपल्याला वाटते आपण वाचू लागलो की माणसे ऐकतील. ताई आणि सुभेदार ही दोघे तिसऱ्या ओळीलाच एकमेकांशी बोलू लागली. सुभेदाराचा मुद्दा साधा होता. निगा हे सरकारचे काम आहे. ते आपण आपल्या घरात केले की सरकार हात झटकून मोकळे होते, आणि मग कुठल्याच परिशिष्टात ते परत येत नाही. मला हे पटले. मी बावीस वर्षे हेच तर लिहीत आलो.

"पटलं ना दादाला," सुभेदार म्हणाला. "बघ, मान हलली."

"त्याची मान पंख्यासारखी आहे, सगळीकडे फिरते," ताई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता म्हणाली, "सरकार करेल तेव्हा करेल. तोवर यांना ठेवू कुठं? तुझ्या लेखात?"

हेही मला पटले.

सुभेदार पुढे सीमेबद्दल, चौक्यांबद्दल आणि थंडीत बुटांअभावी पाय गमावलेल्या माणसांबद्दल बोलू लागला. तो खोटे बोलत नव्हता. मावशींनी त्याच्या खांद्याखाली हात घातला. "बोला, बोला. पण आधी कूस बदला." मला म्हणाल्या, "दादा, ती उशी धरा. तिथं नाही, गुडघ्यांच्या मध्ये." मी उशी धरली. अकरा वर्षांत मी हे काम कधी केले नव्हते; एका माणसाच्या पायांचे वजन किती असते हे मला ठाऊक नव्हते.

तिथे वाकलेलो असतानाच मी त्यांची माफी मागितली. त्या बातमीची. तिच्यापायी तुमची नोकरी गेली, म्हणालो.

मावशी गोंधळल्या. "बातमी होय? ती खोटी निघालेली कळली ना दुसऱ्याच दिवशी. ते सायकलीच्या खाली आलं होतं."

"मग?"

"मग काय. पत्र होतं की पिशवीत. हजर व्हायला आठ दिवसांची मुदत होती."

मी विचारले, मग गेला का नाहीत. त्यांनी चादरीचे टोक खोचले. "आज जाऊ, उद्या जाऊ म्हटलं. नऊ माणसं होती. राहून गेलं."

ताईच्या हातातली पुडी तशीच राहिली. हे तिलाही ठाऊक नव्हते. सुभेदार खिडकीबाहेर बघत होता. कूस तिकडे होती म्हणून, की आणखी कशासाठी, मला सांगता येणार नाही.

म्हणजे माझ्या बातमीने कोणाला थांबवले नव्हते. अकरा वर्षे ज्या पेचावर मी मनातल्या मनात अग्रलेख रचत होतो, त्याचा एक पाय कधी जागेवर नव्हताच.

कलम ६. बँकेतली शिल्लक. निम्मी पलटणीच्या निधीला, निम्मी निगा केंद्राला. हा निर्णय नव्हे, डळमळणे आहे, हे मला कबूल आहे. ताई चिडेल. सुभेदारही चिडेल. दोघे प्रथमच एका बाजूला येतील, एवढे तरी साधेल.

कलम ७. घर. माझ्या कमाईचे दोन मजली घर, अंगणातल्या हौदासह, मी निगा केंद्रातल्या मावशींना देत आहे. केंद्राला नव्हे, ताईला नव्हे, निधीला नव्हे, त्यांना, मालकीहक्काने. त्यांनी तिथे राहावे, भाड्याने द्यावे, विकावे, वाटेल ते करावे. अट कोणतीही नाही. ताई व सुभेदार यांनी त्यांना सल्ला देऊ नये. द्यावासा वाटलाच तर एकमेकांना द्यावा, सवय आहे.

हे घर भरपाई म्हणून दिले असे कोणी समजू नये. भरपाई कशाची, तेच आता उरलेले नाही. मग का दिले, असे वकीलसाहेबांनी विचारले. मी बराच वेळ पूर्वपक्ष मांडत बसलो. जे सापडले ते एवढेच: या सगळ्या प्रकरणात मंत्री, संपादक, मी, माझी भावंडे, प्रत्येकाने अर्धा कागद वाचून निर्णय घेतला. पुरता कागद वाचून, तळटिपेसकट, निर्णय घेणाऱ्या मावशी एकट्याच. घर कोणाच्या हाती असावे एवढे मला कळते. तिथे काय व्हावे ते मला आजही कळत नाही, आणि सुभेदाराचे म्हणणे अजून खोडता आलेले नाही.

काल मी त्यांना घर दाखवायला आणले. घर नको, म्हणून त्या दोन वेळा परत निघाल्या. तिसऱ्यांदा आत आल्या तेव्हा पदर खोचलेला होता. तळमजला पावलांनी मोजला. नळ सोडून पाहिला. मग दोन्ही हात पसरून दारात उभ्या राहिल्या. "इथून खाट नाही जायची दादा. चौकट काढावी लागेल." सुतार उद्या येतो आहे.

कलम ८. मी सोमवारी गेलो तर हे मृत्युपत्र चालेल. वकीलसाहेबांनी लक्षात आणून दिले की मी वाचलो तर महिनाअखेरपर्यंत याचा काही उपयोग नाही. ते हे मोठ्या आशेने म्हणाले. म्हणून हेच घर मावशींना देणारे बक्षीसपत्रही आज नोंदवले आहे. वाचलो तर मी त्यांच्या परवानगीने वरच्या खोलीत राहीन आणि गुडघ्यांमधली उशी धरायला खाली येत जाईन. तेव्हा सवयीप्रमाणे याही वेळी प्रती दोन आहेत. फक्त दोन्हींत बातमी एकच आहे, आणि सोमवारी कोणाला फोन करायचा नाही.

अंमलबजावणीचे काम वकीलसाहेबांनी करावे. फी आगाऊ दिली आहे.

या दस्तऐवजाला परिशिष्ट नाही, तळटीप नाही. वर जे दिले आहे, ते दिले आहे.

स्थळ: घराचा तळमजला, चौकट काढण्यापूर्वी.
दिनांक: शुक्रवार, ता. ९, दुपारी चार वाजता.

(सही) लिहून देणार, बातमीदार

साक्षीदार:
१. (सही) मुद्रितशोधक. सर्व पाने शेवटपर्यंत वाचली. तिसरा खंड सोमवारी इस्पितळात घेऊन येतो.
२. (सही) कोपऱ्यावरचे औषध दुकानदार. लिहून देणाऱ्याने आमच्यासमोर सही केली. हात कापत नव्हता.