नारळ फोडलेली मोटारसायकल

गुरुवार, सायंकाळ, सन १९७४.

मी, गोविंद लक्ष्मण धकाते, वय सदुसष्ट, चौथी उत्तीर्ण, विणकर, राहणार इतवारी, लिहितो की, मुलाला कळमेश्वरच्या कारखान्यात जाण्यासाठी आज जुनी मोटारसायकल घेतली. पाहायला गेलो तेव्हाच इंजिन गरम होते. विकणारा म्हणाला, "काकाजी, आताच फिरवून आणली." मी मान डोलावली. घरी कुंकू लावून नारळ फोडला. तोवर इंजिन निवले, आणि गाडी सुरूच होईना. थंड इंजिन सुरू होत नाही हे लपवायला विकणाऱ्याने ते मुद्दाम तापवून ठेवले होते.

मुलगा म्हणाला, "वापस करून येतो, बाबा."

पूजलेली वस्तू परत कशी करावी? पण उद्याची पाळी त्याने कशी गाठावी?

सून म्हणाली, "गरम होतं तं तेव्हाच काहून नाही बोलले, मामाजी?"

गरम होते. सुताला हात लावताच दोष सांगणारा मी. यंत्रातले कळत नाही, हे परक्यासमोर कसे...

समक्ष हजर: मुलगा, सून, आणि प्रसादाचे खोबरे चघळत गाडीला धक्का देणारे शेजारी.