कडीचा आवाज

बुधवार, २१ फेब्रुवारी २००७

आज यासीनशी खोटं बोललो. लढाऊ जहाजाच्या डेकवर विमानं साखळीने बांधून ठेवतात. त्या साखळ्या अडकवायच्या कड्या आमच्या काल्हेरच्या कारखान्यात होतात. दहातली एक मशीनवर ताणून बघतात. बाकीच्या नऊ माझ्या कानावर पास होतात. हातोडी मारायची, खणखणीत वाजली की खडूने खूण करायची; बसका आवाज आला तर आत चीर, ती बाजूला काढायची. इतकी वर्षं हेच केलं.

आज एक वाजवली तर वेल्डर यासीन म्हणाला, "चाचा, ये तो बैठी हुई बजी. सुना नहीं क्या?"

"तू वेल्डिंग कर रे, कान माझे आहेत," मी म्हणालो. सगळे हसले. मी खूण केली. कडी पेटीत गेली.

मला काही ऐकूच आलं नव्हतं. नुसता हाताला झटका बसला.

घरी ही म्हणाली, "कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या, बाजूला बसून कळलं न्हाय?" कळलं म्हणालो. तेही खोटंच.

त्या कडीला विमान बांधतील. शेजारी माणसं उभी असतील. मी खूण का केली?

पेटी उद्या दुपारी जाणार. सकाळी शेठना सांगून ती कडी काढायची, एवढं ठरलं. पण शेठ विचारतील, कधीपासून ऐकू येत नाही? या दिवाळीपासून, असं मघाशी तोंडात घोळवून पाहिलं. खरं तर त्याच्या आधीच्या दिवाळीपासून. त्या वर्षभरातल्या कड्या केव्हाच समुद्रावर गेल्या. सगळ्यांवर माझीच खूण होती.