उंबऱ्यावरचा गूळ

चौसाळा, मार्गशीर्ष वद्य तृतीया

राधाआत्यानं असं करावं? बाया कापूस वेचायला गेल्या की त्यांची पोरं हीच सांभाळते. कशी सांभाळायची ते मीच शिकवलं. भुताची, जमादाराची भीती घालू नकोस, हे तर कितीदा बजावलं.

आज पदरात गूळ घेऊन गेले, तर पोरं किंचाळत कणगीमागं लपली. धाकटी गोदी हात जोडून म्हणाली, "बाई, आमी रडलो न्हाई. आमाला नेऊ नका."

आत्या वर हसते! "भुताचं नाव सोडलं की म्या. आता तुमचंच घेते. लई गुमान ऱ्हात्यात!"

गूळ उंबऱ्यावर ठेवला. कुणी हललं नाही. मी वळणाआड गेले, तेव्हा कुठं पोरं गुळावर धावलेली ऐकू आली.