समृद्धी इंद्रजीत भोपी यांचा अर्ज

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

एप्रिलनंतर इथे एक अक्षर लिहिलं नाही, याबद्दल स्वतःचीच माफी मागतो. प्रामाणिकपणे सांगायचं तर मे महिन्यात लग्न झालं, आणि माणूस सुखात असला की त्याला वहीची आठवण होत नाही. आज झाली. यावरून काय ते समजावं.

रंजिताच्या व्हिसाची मुदत पंधरा डिसेंबरला संपते. ती मॉरिशसची. तिच्या घरचे लोक काही पिढ्यांपूर्वी कोकणातून तिकडे उसाच्या मळ्यात मजुरीला गेले आणि तिथलेच झाले. ती तिथे शाळेत मराठी शिकवायची. विद्यापीठाच्या एका कोर्ससाठी मुंबईला आली, तिथे ओळख झाली, आणि करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटा राहणाऱ्या मला शेहेचाळिसाव्या वर्षी बायको मिळाली. आता तिला इथेच राहायचंय. त्यासाठी परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे मुदतवाढीचा अर्ज करायचा.

ती म्हणाली, मी भरते. मी म्हणालो, अजिबात नाही. मी सहकारी बँकेत केवायसी बघतो. लोकांची कागदपत्रं तपासणं हाच माझा धंदा. बायकोचा एक अर्ज मला जड आहे का?

संकल्प: आठवड्याच्या आत काम संपवायचं. कुठेही आवाज चढवायचा नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

ऑनलाइन अर्ज. पहिलाच रकाना नावाचा. भरला: समृद्धी इंद्रजीत भोपी.

लग्नात, विचुंब्याला आईच्या घरी, ताटात तांदूळ पसरून मी अंगठीने 'समृद्धी' लिहिलं होतं. नाव बदलायचं असतं हे आईने सांगितलं, नाव मी निवडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रंजिताच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी स्वतः पाहिलंय.

ती म्हणाली, पासपोर्टवर रंजिता भिवाजी आहे, तेच लिही ना. मी शांतपणे समजावलं की आपल्याकडे लग्नानंतर नाव, मधलं नाव आणि आडनाव अशी तिन्ही बदलतात. शिवाय भिवाजी हे आडनाव नव्हेच, ते एका माणसाचं नाव आहे. तर म्हणाली, हो, माझ्या खापरपणजोबांचं. मग पुन्हा ती हकीगत. बोटीतून उतरल्यावर कारकुनाने नाव विचारलं. ते म्हणाले भिवाजी. त्याने तेवढंच लिहून घेतलं. गाव लिहायचं राहिलं, बापाचं नाव राहिलं, आडनाव राहिलं. तेव्हापासून अख्खं घराणं भिवाजी. म्हणाली, त्यांनी इथून नेलं त्यातलं आमच्याजवळ एवढंच उरलंय, आणि ते घेऊन मी इथे परत आलेय.

हकीगत ऐकण्यासारखी आहे. पण अर्जात तिला रकाना नाही.

नंतर ती पासपोर्ट उघडून नावाचं पान बघत बसली. भारावली असावी.

१० नोव्हेंबर, सोमवार

अर्ज परत. शेरा: अर्जदाराचे नाव पासपोर्टशी जुळत नाही.

हे मला सांगतात. मला. अरे, जुळत नाही हे मलाही दिसतं. जुळत नाही कारण लग्न झालं. लग्नाचा दाखला जोडलाय. त्यावरून एवढं कळू नये? कोणाच्या हातात हा कारभार दिलाय?

संतापाने जेवलो नाही. नंतर जेवलो.

उत्तर पाठवलं, दोन पानी, पुराव्यासकट. पुरावा म्हणजे तांदळाच्या ताटाचा फोटो. अक्षर स्वच्छ दिसतंय. मागे उभ्या असलेल्या पाहुण्यांवर बाण काढून त्यांची नावं लिहिली, म्हणजे साक्षीदारांचाही प्रश्न मिटला. याहून भक्कम पुरावा जगात कोणी दिला नसेल.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बँकेत कोमल नावाची एक बाई खातं उघडायला आली. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं. परत पाठवली. म्हणाली, साहेब, मी तीच हाय, फोटो बघा की. मी म्हणालो, फोटो शिपाई बघतो, मी नाव बघतो. जाताना म्हणाली, तुमाला बायको हाय का नाय घरात?

घरी येताना स्वतःला विचारलं: मी जे केलं आणि माझ्याशी जे झालं, ते एकच तर नव्हे? रिक्षा थेट घरापर्यंत येईस्तोवर विचार केला. नाही. आमचा तो नियम आहे. त्यांचा हटवादीपणा आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पुन्हा परत. शेरा: जोडलेले छायाचित्र अप्रस्तुत.

अप्रस्तुत. माझ्या लग्नाचा विधी अप्रस्तुत. हा शब्द टाइप करणाऱ्याचं लग्न कसं झालं असेल याची मला कल्पना येते. चार ओळी फार तिखट लिहिल्या. रंजिताने वाचल्या आणि विचारलं, या पाठवल्याने मला इथे राहू देतील का? मुद्द्याचं बोलली. खोडल्या.

संध्याकाळी परेशकडे गेलो. आमच्या सेक्टरमध्ये त्याचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सगळं ऐकून म्हणाला, दादा, पासपोर्टवरचं नाव टाका, चहा यायच्या आत होतं. मी म्हणालो, प्रश्न चहाचा नाही, तत्त्वाचा आहे. मग त्याने राजपत्रात नाव बदलायचं सुचवलं, आणि लगेच विचारलं, वहिनी आपल्याकडच्या नागरिक आहेत का पण? नाहीत म्हटल्यावर म्हणाला, मग ते राहू द्या. आणि मग, बघा दादा, रागावू नका, वहिनींना काय पाहिजे?

हा प्रश्न त्याने का विचारला कळलं नाही. वहिनींना काय पाहिजे हे वहिनींच्या नवऱ्याला माहीत नसेल तर कोणाला असेल?

तरीही मोठेपणा दाखवला. तडजोड म्हणून भरलं: रंजिता इंद्रजीत भोपी. 'समृद्धी' सोडून दिलं. माणसाने याहून किती खाली यायचं?

१९ नोव्हेंबर, बुधवार

तडजोडही परत. शेरा: सोमवारी अर्जदाराने पतीसह कार्यालयात प्रत्यक्ष हजर राहावं.

उत्तम. समोरासमोर बोलल्याशिवाय ही माणसं सरळ व्हायची नाहीत. मुद्दे काढले. आरशासमोर सराव केला. रंजिता दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, इंद्रजीत, यात 'माझी बायको' पुष्कळ वेळा येतंय, माझं नाव एकदाही येत नाही. शिक्षिकेची नजर. कुठलं नाव घालायचं यावरच तर भांडण आहे.

संकल्प: सोमवारी आवाज चढवायचा नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

विचुंब्याला आईकडे. रंजिता आणि आई ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. आई तिला रंजी म्हणते. मी म्हणालो, आई, तू तरी समृद्धी म्हण, लोकांना काय सांगायचं? आई म्हणाली, मना नाय जमत. रंजी सोपा हाय. मी तांदळाची आठवण दिली. म्हणाली, त्याचा भात केला आमी त्याच सांजला, तू पन खाल्लास. नाव कुठं ऱ्हातंय त्यात?

मग रंजिता मला म्हणाली, आईंचं माहेरचं नाव गोदू आहे, तुला ठाऊक होतं का?

नव्हतं. मला वाटायचं आई जन्मापासून सोनाबाईच. कोणी सांगितलंच नाही, तर मला कसं ठाऊक असणार?

आई वाल सोलता सोलता बोलत होती. बापाच्या जमिनीच्या कागदात गोदू व्हती. मी हिस्सा मागायला गेले तवा कचेरीतला मानूस बोलला, गोदू कोन? तू तर सोनाबाई. माजे भाव सगले तिथंच उभे व्हते. कोन बोलला नाय.

मला भयंकर संताप आला. माझ्या आईशी असं. मामा लोकांना आत्ताच्या आत्ता फोन लावणार होतो. आणि तिथल्या तिथे दोघींना सांगितलं, बघा, म्हणूनच मी म्हणतो, लग्न झाल्याबरोबर सगळीकडे नवं नाव लावून घेतलं पाहिजे, एकही कागद मागे ठेवता कामा नये.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आई म्हणाली, शिकलाय बऱ्यापैकी, नाय? रंजिता खाली बघून हसली. दोघींचं जमतं याचं समाधान आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आवाज चढवला.

पण क्रमाने लिहितो. टेबलाच्या पलीकडे एक बाई अधिकारी. मी मुद्दा क्रमांक एकपासून सुरुवात केली. तिने हात वर केला आणि रंजिताला विचारलं, मॅडम, तुम्हाला नाव बदलायचंय का? मी म्हणालो, हो. ती म्हणाली, मी मॅडमना विचारतेय. रंजिता म्हणाली, नाही.

मी सांगितलं की ती स्वभावाने संकोची आहे. बाई म्हणाली, मला तर स्पष्ट ऐकू आलं. इथे मी आवाज चढवला. काय बोललो ते लिहीत नाही. बाई म्हणाली, सर, तुम्ही जरा बाहेर बसा.

बाहेर बसलो. एक नायजेरियन गृहस्थ शेजारी होते. त्यांची बायको उरणची, कोळ्यांतली, आणि तीही आत होती. त्यांनी मला पेपरमिंट दिलं. आतून रंजिताचा आवाज येत होता, बोटीची हकीगत सांगत होती. आणि ती ऐकायला बाईला रकाना लागला नाही.

परतताना टॅक्सीत रंजिता म्हणाली, बाई म्हणाल्या की कायद्याने नाव बदलावंच लागतं असं काही नाही. पासपोर्टवरच्या नावाने अर्ज आला की पुढचं बघतील. मी म्हणालो, मग मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं कोणी? ती म्हणाली, मी सांगितलं होतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आजही रजा टाकली.

स्वतःला कठोरपणे तपासलं. मी तिला विचारलं नव्हतं, हे खरं. पण न विचारणं आणि विचारायचं न सुचणं यात फरक आहे. पहिला दोष असतो, दुसरा स्वभाव.

दुपारी हे तिच्यासमोर मांडलं. ती म्हणाली, त्या दिवशी ताटात तू लिहीत होतास, तेव्हा मला वाटलं, आता भिवाजी पुसले गेले. तू टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघत होतास.

म्हणजे ते पाणी. मी त्याचा अर्थ वेगळा लावला होता. फोटोतही ते दिसतं, आणि तोच फोटो मी पुरावा म्हणून सरकारला पाठवला.

पण मग तेव्हाच बोलायचं होतं. सगळ्यांसमोर. नवऱ्या मुलीने. नाही, हा मुद्दा टिकत नाही. खोडत नाही, राहू दे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

तिने अर्ज स्वतः भरला. परेशच्या दुकानात. चहा यायच्या आत झाला, असं परेशने मला मुद्दाम फोन करून सांगितलं. मी फोन ठेवला. उद्धट माणूस.

आता फक्त नवऱ्याचं पत्र हवंय. ही माझी पत्नी, माझ्यासोबत राहते, जबाबदारी माझी, एवढंच. एका बैठकीत लिहून दिलं: 'माझी पत्नी सौ. समृद्धी इंद्रजीत भोपी, पूर्वाश्रमीची रंजिता भिवाजी…'

तिने वाचलं, लाल पेनाने वर लिहिलं, नाव जुळत नाही, आणि परत केलं.

बँकेत मी मारतो तोच शेरा, माझ्याच घरात. अपमान वाटला. आपण वाकायचं तरी किती? शेजारी काय म्हणतील, बँकेत काय म्हणतील? मी तर स्टाफला समृद्धीच्या नावाने पेढे वाटले होते.

पत्र लिहिणार नाही. हा शेवटचा संकल्प.

३० नोव्हेंबर, रविवार

तिने मॉरिशसच्या विमानाची चौकशी केली. माझ्यासमोर, फोनवर, लपवाछपवी नाही. फोन ठेवून म्हणाली, पत्र नसेल तर पंधरा तारखेच्या आत जावं लागेल. रागाने नव्हे, नियम आहे म्हणून जाईन. तू नियम पाळणारा माणूस आहेस, तुला कळेल.

मी म्हणालो, ही धमकी आहे. ती म्हणाली, नाही, तारीख आहे. मग, तू मला नाव दिलंस ते प्रेमाने, हे मला माहीत आहे. पण त्या नावाची बाई कोण आहे ते मला माहीत नाही. ती इथे राहील आणि मी जाईन, असं तुला हवंय का?

संताप शोधला, आज तो मिळेना.

आईचा फोन आला. रंजीला दे, म्हणाली. मी विचारलं, काय काम आहे? म्हणाली, काय नाय, गोदू बोलतेय सांग.

१ डिसेंबर, सोमवार

बँकेत दिवसभर लक्ष नव्हतं. कोणाचंही काही परत पाठवलं नाही. मॅनेजरने विचारलं, बरं नाही का?

घरी आल्यावर रंजिताला विचारलं, हे पत्र साध्या कागदावर चालतं का स्टॅम्प पेपर लागतो? या संपूर्ण प्रकरणात मी तिला विचारलेला हा पहिला प्रश्न. तिला त्याचं नवल वाटलं नाही, निदान तसं दाखवलं नाही. साधा चालतो, म्हणाली, पण तुझ्या हातचा हवा.

उद्या: मी रंजिता भिवाजी यांचा नवरा आहे, असं लिहून खाली सही करणे.