बकरीने कोपरा खाल्लेलं कार्ड

तिरोडा, २६ जून १९५८

प्रिय प्रेमिला,

'प्रिय' हा शब्द शामकलाचा. मी 'पोरी' म्हटलं होतं. ती म्हणते, तसं लिहीत नसतात. शेजारच्या रुख्माची ही नवी सून सातवी पास आहे आणि मी बोलते त्यातलं निम्मंच लिहून राहिली आहे, असा मला संशय आहे. हेही तिला लिहायला लावलं.

सोमवारी तुझी परीक्षा. पंधरा वर्षं शिकलीस, बी.एस्सी. झालीस, तरी एम.एस्सी.च्या दारात मास्तर पुन्हा विचारणार, काही येतं का तुला? आमच्यात बैल घेताना दात पाहतात, पण एकदाच. असो. जेवतेस ना? मला दोन दिवस बसवत नाही. उठते, कोठ्यात जाते, काय घ्यायला आले ते विसरून परत येते.

तुझं कार्ड मंगळवारी आलं. टेकचंद पोस्टमनने ते कुडाच्या फटीत खोचलं आणि गेला. बकरीने कोपरा खाल्ला, हे मागाहून कळलं; उरलेलं माझ्या हाती आलं. मला अक्षर येत नाही, पण कोणी मेलं की कार्डाचा कोपरा फाडून धाडतात, एवढं अडाण्यालाही कळतं. मी अंगणातच बसले आणि हंबरडा फोडला. रुख्मा धावली, तिच्यामागे सारी आळी. तुझ्या आईने चूल विझवली, शिजलेला भात बाहेर टाकला. तुझा बाप धानाच्या पऱ्ह्याच्या बांधीतून चिखलासकट आला. चौथी शिकलेला माणूस, पण कोपरा पाहिला आणि अक्षर विसरला. चार घरांनी तुझ्या नावाची आंघोळ केली. मग शामकलाने माझ्या मुठीतून कार्ड सोडवून वाचलं: तीस तारखेला परीक्षा आहे, मी मजेत आहे, लोणचं पाठवा.

सगळे हसले. रुख्मा तर अजून हसून राहिली आहे. तुझा बाप केवळराम तेवढा हसला नाही. जिच्या नावाची आंघोळ झाली ती पोर आता वर्षभर नजरेआड ठेवायची नाही, असं त्याच्या मनाने घेतलं आहे. मी म्हटलं, अरे, मरणाची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं. तो नुसता म्हणतो, माय, परीक्षा कायले पाहिजे? तुझा बाप वाईट नाही गं. तुझ्याआधीची दोन लेकरं त्याने स्वतःच्या हातांनी पुरली आहेत. आणि खरं सांगू? तुला नागपूरला धाडा म्हणून सर्वांत मोठ्याने मीच बोलले होते, आणि तेव्हापासून तसल्या कार्डाची धास्तीही मलाच होती. नाहीतर न वाचता कोणी एवढं रडतं?

आता पत्र कायले, ते ऐक. रविवारच्या गाडीने केवळराम तुला घरी आणायला निघतो आहे. वसतिगृहाच्या दारात उभा राहील, नुसता पाहील, आणि तू पेटी भरशील. भरू नकोस. मीही त्याच्यासोबत येते आहे. त्याला अजून सांगितलं नाही, स्टेशनावर सांगेन. तुमसरच्या पुढे मी जन्मात गेले नाही. सोमवारी तू आत जा. मी त्याला बाहेर झाडाखाली बसवून ठेवीन, धोतराचा सोगा हातात धरून. पेपर सोपा असला तरी लवकर उठू नकोस, तीनही तास घे. आत गेलेली पोर बाहेर येते, हे एकदा त्याला बसून बघू दे. मलाही.

तुझीच, आतापासूनच गाठोडं बांधून बसलेली,
देवकाआजी