त्याच्या वतीनं

आई, काल मी बसवनगुडीतल्या एका बेकरीत तोंड मिटून बसले होते. तुझा विश्वास बसणार नाही, म्हणूनच लिहिते आहे. लोकांना टोमणे मारून पोट भरणारी बाई मी, पण प्रशिक्षण केंद्रातल्या मॅडमनी दारातच बजावलं होतं, "अक्का, नोकरी तुमच्या भावाला हवी, प्रश्न त्यालाच विचारतील. तुम्ही खोकायचंसुद्धा नाही." आपल्या घरातल्या माणसांना हा म्हणजे निर्जळी उपासच.

तुझं शेंडेफळ आता सत्तावीस वर्षांचं आहे. केंद्रात तो बन पिशवीत भरायला शिकला, बस एकट्यानं पकडायला शिकला. एक गोष्ट मात्र जमेना. कुणी काही विचारलं की तो मान वळवून माझ्याकडे बघायचा. ही सवय तू लावलेली. पाहुणे विचारायचे, "काय रे, जेवलास का?" आणि स्वयंपाकघरातून तू सांगायचीस, "जेवला, दोन पोळ्या." तो दारात उभा, उत्तर अर्ध्या वाटेत. एकदा मी म्हटलं, त्याला बोलू दे की. तू चिमटा माझ्यावर रोखून म्हणालीस, "त्याचे शब्द जुळेपर्यंत लोक हसतात. तू हसणाऱ्यांतली आहेस का?" तू गेलीस आणि उत्तरं द्यायचं ते खातं माझ्याकडे आलं. मी तर तुझ्याहून चपळ. याआधी दोन ठिकाणी त्याच्यासाठी मीच बोलले, तर मालकांनी मलाच ठेवून घ्यायची तयारी दाखवली.

केंद्रातला त्याचा मुक्काम या महिन्यात संपतो. ही जागा गेली, तर पुढं घर, टीव्ही आणि मी. मालक कन्नडमध्ये विचारतात, "सकाळी सहाला येशील?" तो माझ्याकडे बघतो. मी काचेतल्या खारा बनांकडे बघते. मॅडमचा हात माझ्या मनगटावर. एक गिऱ्हाईक येतं, टोस्ट घेऊन जातं. मालक पुन्हा विचारत नाहीत, ही त्यांची भलाई; पण घड्याळाकडे बघतात. माझ्या जिभेवर 'हो' तयार आहे, नुसतं सोडायचं. त्याचे ओठ हलतात, थांबतात, पुन्हा हलतात.

"बेडा," तो म्हणतो. नको. मग, "नऊ."

"याके?" मालकांनी विचारलं. का?

"सहाला झोप येते."

मालकांनी भट्टीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "मलाही येते. पण मी मालक, मला कोण सोडणार? सरी, ठीक आहे, नऊला ये. सोमवारपासून पॅकिंगला."

बाहेर आल्यावर मी पायरीवरच बसले. पोरगं गुणी आहे, कशाला म्हणून नाही म्हणत नाही, असं तू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचीस. पुढं मीही सांगू लागले. नाही म्हणायला आपण त्याला फट तरी कुठं ठेवली होती, आई? एवढ्या वर्षांत किती पोळ्या त्याला नको झाल्या असतील कोण जाणे.

हे पत्र कुठं टाकायचं, हा प्रश्नच नाही. त्याला वाचून दाखवावं म्हणून आत्ता हाक मारणार होते, आणि थबकले. त्याच्या झोपेपासून नोकरीपर्यंत सगळं मी तुला सांगून मोकळी झाले. "ही बातमी आईला कोण सांगणार, तू की मी?" एवढंही त्याला विचारलं नाही.