दोन्हींपेक्षा लहान उत्तर

१४ जुलै, सोमवार. सायंकाळी ५.
निम्म्याला पाऊणने गुणलं तर उत्तर दोन्हींपेक्षा लहान का येतं? मला माहीत नाही. हे कोणी वाचणार नाही, म्हणून लिहिते. आज सहावीत चैत्राली म्हणाली, बाई, गुणलं की वाढते ना, मंग हे कमी काऊन होऊन राह्यलं? मी म्हटलं, छान प्रश्न, उद्या सांगते. शुक्रवारी मंडलाचे शिक्षण अधिकारी माझा तास बघणार. तात्पुरती शिक्षिका म्हणून पुढे ठेवायचं की नाही, ते त्यावर ठरेल. घरातली पहिली पदवीधर मी. चार दिवस भरपूर आहेत.

१५ जुलै.
संकल्प: आधी वेग, मग कारण. वरचा वरच्याशी, खालचा खालच्याशी, मग काटाकाटी. वर्गाकडून चाळीस वेळा म्हणवून घेतलं. पुस्तकात कागदाच्या घड्यांची चित्रं आहेत. सोडली. सहावीची मुलं काय लहान आहेत? चैत्रालीने पुन्हा हात वर केला. मला दिसला नाही.

१६ जुलै. शेतातून आल्यावर.
कपाशीत निंदण चालू आहे. बाबांना सहज विचारलं. चौथी पास, पण पाऊणकी तोंडपाठ: पाऊण, दीड, सव्वादोन, तीन. मग म्हणाले, निम्म्यानं गुणलं म्हंजे पुरं एकदाबी नाई घेतलं, अर्धंच घेतलं, वाढन कसं? एवढं कालेजात नाई सांगत का? मी हसले. शास्त्रीय उत्तर असं नसतं. टाचणवहीत घेतलं नाही.

१७ जुलै. सकाळी ६.
कालपासून जेवण जात नाही. हवा बदलली असेल. काटाकाटीसाठी लाल खडू घेतला. चैत्राली उद्या आली नाही तर बरं. असा विचार शिक्षिकेने करू नये. केला.

१८ जुलै. दुपारी.
साहेबांनी निम्म्याला पाऊणने गुणायला सांगितलं. अख्खा वर्ग एका आवाजात: तीन अष्टमांश. मी त्यांच्याकडे अभिमानाने बघितलं. साहेब म्हणाले, मग हे कमी कसं झालं? सगळी डोकी माझ्याकडे वळली. चैत्राली म्हणाली, सर, बाई उद्या सांगते म्हणून राह्यल्या, सोमवारपासून. मी म्हटलं, हे अभ्यासक्रमात नाही. साहेबांनी पुस्तक उघडून घड्यांची चित्रं माझ्यासमोर धरली. जाताना म्हणाले, महिन्याने येतो, तेव्हा ठरवू.

त्याच दिवशी, ५ वाजता.
हेडमास्तर गोपाळराव सर शाळेनंतर कच्च्या मुलांचा गणिताचा तास घेतात. सहावीतली नावं द्या म्हणाले. मी एकच लिहून दिलं, माझं. सरांनी खाली सहीही केली.